अबोल सामना

धुकं पडलं म्हणून मला त्या सकाळी फार बरं वाटलं. नागपूरच्या जानेवारीत फुटाळा तलावाच्या बाजूनं असं धुकं कधीमधी येतं, आणि आलं की मैदान, भिंत, कडुलिंब सगळं पोटात घेऊन बसतं. मी सगळ्यांच्या आधी पोचले होते. बास्केटचा गार खांब हाताला लागला तेव्हा कळलं की मी मैदानात आले आहे. वर पाहिलं तर फळा नाही, रिंग नाही, नुसता पांढरेपणा. मनात म्हटलं, छान झालं. आज कुणालाच काही दिसणार नाही, म्हणजे आज मी चारचौघींसारखी.

त्याआधीचं वर्षभर मी चारचौघींसारखी नव्हते आणि ते कुणाला ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनी काचबिंदू म्हणून सांगितलं होतं. समोरचं मला स्वच्छ दिसायचं, सुईत दोरा ओवता यायचा. बाजूचं मात्र हळूहळू गळत गेलं होतं, डावीकडचं जास्तच. तिथं काळोख असायचा असं नाही. तिथं काहीच नसायचं. माणसं एकाएकी समोर उगवायची आणि तशीच विरून जायची, स्वप्नात जातात तशी. ताटात डावीकडे वाढलेली चटणी तशीच राहून जायची आणि आई विचारायची, "आज तिखट झाली का गं?" डॉक्टर म्हणाले होते, गेलेलं परत येत नाही, उरलेलं राखता येतं, थेंब चुकवायचे नाहीत. मी थेंब चुकवत नव्हते. फक्त कुणाला सांगत नव्हते.

सांगणार तरी कुठल्या तोंडानं? माझं सगळं आयुष्य बाजूच्या नजरेवर उभं होतं. मी शकुन बारापात्रे, रेल्वेच्या महिला बास्केटबॉल संघाची गार्ड. गार्ड म्हणजे चेंडू आपल्या टोकापासून समोरच्या टोकापर्यंत घेऊन येणारी आणि आपल्यातली कोण मोकळी आहे ते हेरून तिच्या हाती देणारी. रेल्वेनं मला नोकरी दिली ती ह्याच कामासाठी. आमच्या गल्लीतल्या बायकांना मात्र शेवटपर्यंत वाटायचं की मी मालगाडीच्या मागच्या डब्यात हिरवी झेंडी घेऊन बसते. आई कुणाची समजूत काढायच्या भानगडीत पडली नाही. नोकरी रेल्वेची आहे एवढं तिला पुरे होतं.

ते दिवस आठवले की मला अजूनही सगळं चालत्या गाडीतूनच दिसतं. कटक, कोट्टायम, लुधियाना. वरच्या बर्थवर मी, उशाला चेंडू. खालच्या बर्थवर सिंधू, तिचे लांबलचक पाय वाटेत आलेले आणि येणारा-जाणारा त्यांना अडखळतोय. कुठल्याशा स्टेशनावर पहाटेचा चहावाला ओरडतोय आणि मी अर्धवट झोपेत कालचाच सामना परत खेळतेय. झोपेतल्या त्या सामन्यात सगळे फार हळू हलायचे. मी नाकासमोर बघत असायचे आणि डावीकडून सिंधू रिंगखाली सरकलेली मला आपोआप कळायची. चेंडू माझ्या हातातून सुटायचा तो तिच्याच हातात जायचा. लोक म्हणायचे, हिला कानाजवळ आणखी दोन डोळे आहेत. मलाही ते खरं वाटायचं.

खेळ संपला तशी मी ऑफिसात टेबलाशी बसले. टेबलाचं काही वाईट नव्हतं. पण संध्याकाळी घरी परतताना हात नुसतेच लोंबायचे, त्यांचं काय करावं कळायचं नाही. लग्न केलं नव्हतं, गाडीतून उतरायला सवडच झाली नाही म्हणा. आणि अशात पाठराबे सर नाशिकला मुलाकडे कायमचे राहायला निघाले. ज्या नवप्रभात मंडळात मी परकराचा काचा मारून पहिल्यांदा चेंडू धरला, तिथल्या मुलींना सर तेव्हापासून शिकवत आले होते. आता मुली कुणाच्या हाती द्यायच्या ते वर्धापनदिनाच्या सामन्यानंतर सांगतो, असं त्यांनी कमिटीला कळवलं होतं.

मला त्या मुली हव्या होत्या. इतकं काही मला खेळत असताना सुवर्णपदकसुद्धा हवं नव्हतं. कमिटीतल्या दोघांनी मला गाठून सांगितलंही होतं, "शकुनताई, तुमच्याशिवाय आहे कोण? सामन्यात जरा चमक दाखवा म्हणजे झालं." चमक! मला फक्त ती सकाळ निभावून न्यायची होती. गार्डला बाजूचं दिसत नाही हे एकदा फुटलं, की माझ्या हाती कुणी मांजरसुद्धा सोपवणार नव्हतं.

आता आमच्या मैदानाची एक रीत सांगायला हवी. मैदानाच्या भिंतीला लागून पूर्वी एक प्रसूतिगृह होतं. मुलींनी पहाटे उठून चेंडू खेळावा हे तेव्हा घरच्यांनाच पटत नव्हतं, तर शेजाऱ्यांना कुठून पटणार? पण तिथल्या डॉक्टरीणबाई सरांना म्हणाल्या, "खेळवा खुशाल. चेंडूची धपधप चालेल, माझ्या बाळंतिणींना त्यानं झोपच लागते. ओरडायचं मात्र नाही." सरांनी शब्द दिला. तेव्हापासून आमच्या मैदानावर खेळताना कुणी बोलायचं नाही. 'दे' नाही, 'इकडे' नाही, 'बघ' नाही. सर शिट्टीही वाजवत नसत, पांढरा रुमाल उंच धरत. कुणाच्या तोंडून शब्द निसटला की रुमाल वर, आणि चेंडू दुसऱ्या बाजूला. खेळता खेळता भिंतीपलीकडून एखादं नवं कोरं रडणं ऐकू आलं, तर सर दोन्ही हात वर करून खेळ थांबवत. आम्ही होतो तिथं उभ्या राहायचो, श्वास धरून, कान देऊन. मग सर मान हलवत आणि धपधप परत सुरू होई.

बाहेरचे संघ आम्हाला वचकून असायचे ते ह्यामुळंच. पाच जणी तोंड मिटून अंगावर चाल करून येतात, हे बघूनच त्यांचं अर्धं अवसान गळायचं. प्रसूतिगृह कधीचं गेलं. तिथं फ्लॅटची स्कीम उभी राहिली, तिच्यात पहाटेपासून कुकर आणि टीव्ही बोंबलतात. मैदान मातीचं होतं ते सिमेंटचं झालं. अबोला मात्र टिकला. वर्धापनदिनाला जुन्या मुली विरुद्ध आताच्या मुली असा सामना व्हायचा, तोही अबोल, सूर्य वर येताना. मफलर गुंडाळून लोक तो बघायला येत आणि बघणारेसुद्धा देवळात बसल्यासारखे बसत.

धुक्यातून आधी खोकला आला आणि मग सिंधूचा आवाज.

"काय वं शकुने, भूत होऊन उभी रायली का?"

"तुलाच बघत होते."

"बघत होती? मी तं कवाची तुह्या बाजूले उभी आहो."

मी दचकले, पण हसून नेलं. "धुकं बघ ना केवढं आहे."

"धुकं तं आहे," सिंधू म्हणाली.

सिंधू गावंडे चांदूरकडची. तिच्या उंचीमुळं गावात लग्न जमेना, म्हणून बापानं नागपूरला आमच्या मंडळात खेळायला पाठवली असं ती स्वतःच सांगायची. पुढं रेल्वेतच एक बेताच्या उंचीचा, भला नवरा मिळाला आणि ती बिलासपूरला गेली. आता ती आजी झाली होती. आदल्या संध्याकाळी मी तिला घ्यायला स्टेशनावर गेले तर आमची चुकामूक झाली. ती आपली रिक्षा करून घरी आली आणि आईच्या हातचा वडाभात खाऊन लवकर झोपली. एरवी रात्रभर तोंडाला खळ नसणारी बाई अशी गुमान झोपली ह्याचं मला नवल वाटलं होतं. प्रवासानं थकली असेल म्हटलं.

"घे की वं," ती म्हणाली.

"काय?"

क्षणभर काही नाही. मग माझ्या डोळ्यांसमोर तिचा हात आला. हातात तिळाची वडी होती. "सुनेनं केली. मघापासून धरून उभी आहो," ती म्हणाली आणि माझ्याकडं टक लावून बघत राहिली. मी वडी तोंडात टाकली आणि बुटांच्या नाड्या बांधायला खाली बसले.

हळूहळू माणसं जमली. पाठराबे सर आले, माकडटोपी आणि त्यांचा तो खांद्यावर उसवलेला कोट. आम्हा जुन्यांच्या बाजूनं सिंधू, मी, पद्मा आणि आणखी दोघी. पलीकडे आताच्या मुली. त्यांची कप्तान अवंती डहाके, माझ्यासारखीच गार्ड. पोरगी चिंचोक्यासारखी तुकतुकीत आणि तितकीच कडक. तिनं वाकून नमस्कार केला आणि हळूच म्हणाली, "ताई, मी मुद्दाम हरणार नाही हं."

"हरलीस तर बघ," मी म्हटलं.

सरांनी चेंडू उडवला आणि आमचे सगळ्यांचे ओठ मिटले.

सुरुवातीचा तो खेळ मला अजून झोपेत दिसतो. धुक्यात आकार यायचे आणि पुसले जायचे. चेंडूची धपधप तेवढी खरी, बाकी सगळं पाण्याखाली चालल्यासारखं. मी चेंडू घेऊन निघाले आणि काही न बघता डावीकडे सोडून दिला. जिथं सिंधू असायची तिथं. सिंधू तिथं होती. धुक्यात वर कुठंतरी जाळी सळसळली. लोकांनी टाळ्या वाजवायच्या नसतात म्हणून नुसते हात हवेत हलवले म्हणे. पुन्हा एकदा तसंच, मग पद्माला एकदा. मी माझ्या आठवणीतल्या जागांवर चेंडू टाकत होते आणि त्या बिचाऱ्या मोडक्या गुडघ्यांनी तिथं वेळेवर पोचत होत्या. मला वाटलं, निभावलं. डोळे जातील, जाऊ देत, मैदान तर माझ्या अंगातच आहे.

मग ऊन वर आलं.

धुकं आधी कडुलिंबावरून सुटलं, मग रिंगवरून. फळा दिसला, भिंत दिसली, भिंतीजवळच्या खुर्च्यांवरची माणसं दिसली. सगळ्यांचं धुकं गेलं आणि माझं तेवढं राहिलं. मी चेंडू आपटत निघाले आणि हातातून चेंडूच गेला. अवंती डावीकडून आली होती. पुढच्या वेळी परत तेच. तिसऱ्या वेळी मी उजव्या हातानं चेंडू राखत निघाले तर ती मागून डाव्या बाजूला येऊन नेमका काढून गेली. पोरगी हुशार, तिला माझं दार कुठं उघडं आहे ते सापडलं होतं. कारण मात्र सापडलं नव्हतं, म्हणून तिच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा गोंधळच जास्त होता. पद्मा माझ्यापासून हातभर अंतरावर मोकळी उभी राहून दोन्ही हात हलवत होती म्हणे. मी चेंडू टाकला तो सरळ बाहेर, कमिटीच्या अध्यक्षांच्या पायाशी. त्यांनी तो उचलून देताना शेजारच्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटलं. समोरचंच असल्यामुळं ते मला अगदी स्वच्छ दिसलं.

चेंडू हातात होता आणि भोवती कुणीच नव्हतं. समोर अवंती, तिच्यामागं रिंग, आणि बाकीचं जग पुसून टाकलेलं.

"शकुने, डाव्या अंगाले!"

त्या मैदानावर तो आवाज इतका मोठा वाटला की कडुलिंबावरची पाखरं उडाली. माझ्या हातांनी मला न विचारता चेंडू आवाजाच्या दिशेनं सोडला. सिंधूनं तो झेलला आणि तशीच हातात धरून उभी राहिली, कारण सरांचा रुमाल वर गेला होता. खुर्च्यांवरची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. इतक्या वर्षांत वर्धापनदिनाच्या सामन्यात कुणी बोललं नव्हतं. सिंधूनं चेंडू मुलींच्या स्वाधीन केला. मी ओठांवर बोट ठेवून तिला डोळे वटारले. तिनं तिकडं लक्षच दिलं नाही.

मध्यंतरापर्यंत ती आणखी दोनदा ओरडली, दोनदा रुमाल वर गेला. एकदा तर रुमाल बघून ती सरांना म्हणाली, "धरा वर, सर. मी बोलणार आहो." लोक हसले. आणि मुलींनी आम्हाला चांगलंच मागं टाकलं.

मध्यंतरात मी तिला नळाशी गाठलं.

"काय चालवलंयस तू?"

"तू काय चालवलं?"

"तुझ्यामुळं चेंडू जातोय. लोक हसतायत."

"हसू दे."

"सिंधू, मला ह्या पोरी पाहिजेत. तुला कळत कसं नाही? तू माझी शोभा करून राहिलीयेस!"

सिंधूनं नळ बंद केला. तोंड पदरानं पुसायची सवय, आणि खेळाच्या कपड्यांना पदर नाही, म्हणून तळहातानंच पुसलं.

"काल टेशनावर मी डब्यातून उतरली अन् तुले पाहून हात हालवला," ती म्हणाली. "तू माह्या जवळून गेली. तुह्या साडीचा काठ मले लागला, इतक्या जवळून. तुले मी दिसली नाई."

"गर्दी होती गं."

"गर्दी तं कटकलेही होती. सारा संघ आंगावर होता तवा तुह्या. तरी तू मले पाहून रायली होती. तू मले पाह्यलं नाई असं आपल्या जनमात कधी झालं का वं?"

मी वाकून बुटाची नाडी परत बांधायला लागले.

"मी तिथंच समजली," ती म्हणाली. "हाक मारावं म्हटलं, तं तोंडच उघडेना. आपल्याले सवय नाई ना, शकुने. तू दूर दूर जाऊन रायली, मले शोधून रायली, अन् मी एवढी ताडासारखी बाई तोंड मिटून उभी. मंग रिक्षात बसून लई रडली. रातभर डोळ्याले डोळा नाई लागला."

नळातून एक थेंब टपकत होता, त्याचा आवाज येत होता.

"किती दिसते?"

"समोरचं."

"अन् बाजूचं?"

"नाही," मी म्हटलं. वर्षभरात हा शब्द मी पहिल्यांदा कुणापाशी बोलले आणि बोलल्याबरोबर मला हुंदका आला. लहान पोरीसारखी मी तिच्या पोटाशी तोंड खुपसून रडले. तिच्या पोटाशीच, कारण माझं डोकं तिथंवरच पोचायचं. "सरांना सांगू नकोस गं. मला पोरी देणार नाहीत."

"मी कोणाले काई सांगत नाई," सिंधू माझ्या केसांतून हात फिरवत म्हणाली. "मी फक्त तुले सांगन, मी कुठं आहो ते."

मी तोंड धुऊन वळले तर पद्मा रिकामा पेला घेऊन पाठीशीच उभी होती. ती कधीपासून तिथं होती मला काय कळणार? तिनं पेला भरला, प्यायली आणि मैदानात गेली.

सामना सुरू झाला. मी चेंडू घेतला. सिंधू ओरडली, रुमाल वर गेला, चेंडू गेला. मुलींनी बास्केट केली. परत मी चेंडू घेतला. सिंधूनं तोंड उघडायच्या आतच उजवीकडून बारीक आवाज आला.

"शकुन, मी इथंय."

पद्मा होती. पद्माचा आवाज मी मैदानावर आयुष्यात ऐकला नव्हता. आम्ही पोरवयापासून एकत्र खेळलो होतो आणि खेळताना तिचा आवाज कसा लागतो हे मला माहीत नव्हतं. जरासा घोगरा, घाबरलेला. मी तिला चेंडू दिला. रुमालाकडं मी बघितलंच नाही, तिनंही नाही. तिनं तो परत माझ्याकडं दिला आणि मागून तिसरी म्हणाली, "बाई, मागं मी आहे." मग चौथी. मग सिंधू, ढगात गडगडावं तशी.

त्यानंतरचं सगळं मला सलग आठवत नाही. आठवतात ते नुसते आवाज. आवाज यायचा आणि त्या जागी माणूस उमटायचं. उजवीकडे पद्मा उमटायची, डावीकडे सिंधू. जे पुसलं गेलं होतं ते एकेक करून कुणीतरी परत भरत होतं. मी डोळे उघडे ठेवले होते की मिटले होते, कोण जाणे. अवंती माझ्या डावीकडून झडप घालायला आली तेव्हा सिंधू गरजली, "आली वं, आली!" आणि मी चेंडू पाठीमागून फिरवून अवंतीला चुकवून पुढं निघून गेले. लोक उभे राहिले होते. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. फ्लॅटच्या गॅलरीत माणसं येऊन उभी राहिली. मी हसत होते. खेळताना मी कधी हसले नव्हते, कारण हसूही आमच्याकडं आवाजातच धरत.

एकदा मात्र मी सरांसमोरून गेले आणि ते मला नीट दिसले. रुमाल त्यांच्या मुठीत होता. मूठ कोटाच्या खिशात होती.

शेवटचा चेंडू माझ्याकडं आला. एका बास्केटनं आम्ही मागं होतो. सिंधू रिंगखालून ओरडली, मी चेंडू फेकला, आणि रिंगला डोकं टेकेल अशा त्या बाईनं हातचा चेंडू कडेवर आपटला. चेंडू रिंगवर जरा वेळ घुटमळला आणि बाहेर पडला. आम्ही हरलो. सिंधू तिथंच फतकल मारून बसली आणि म्हणाली, "इतकं बोलून बोलून दम लागला वं मले." अवंतीसकट सगळ्या मुली हसून हसून लोळल्या.

अध्यक्ष सरांपाशी जाऊन म्हणत होते, "सर, शेवटी शेवटी तुम्हाला ऐकू येत नव्हतं की काय?" मी गेले तेव्हा सर खुर्चीवर बसून माकडटोपीची बटणं काढत होते. मी त्यांच्या अगदी समोर उभी राहिले. मी ठरवलं होतं की आता दुसऱ्या कुणाच्या तोंडून त्यांना कळता कामा नये.

"सर, मला बाजूचं दिसत नाही. काचबिंदू आहे. परत येणार नाही म्हणतात."

सर माझ्याकडं बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाज नेहमीसारखाच कोरडा होता.

"केव्हापासून?"

"वर्ष झालं."

"आणि वर्षभर तू गप्प." ते मान हलवायला लागले. "माझीच पोरगी."

"सर, तुम्ही रुमाल का नाही वर केलात?"

त्यांनी भिंतीकडं पाहिलं. भिंतीवर कुणाचा तरी पायजमा वाळत होता.

"पलीकडे आता कोण झोपलंय, शकुन?"

मग ते उठले. माझ्या खांद्यावर हात ठेवला, डाव्या, आणि ठेवण्याआधी म्हणाले, "मी हात ठेवतोय." त्यानं मला जे रडू आलं ते मी तिथंच गिळलं. "ह्या पोरींना गप्प राहायला मी शिकवलं," सर म्हणाले. "बोलायला शिकवणं आता माझ्यानं व्हायचं नाही. ते तू बघ. अध्यक्षांना मी सांगतो."

सर त्याच आठवड्यात नाशिकला गेले, सिंधू बिलासपूरला. गाडी हलल्यावर ती खिडकीतून ओरडत होती, "मी इथं आहो, इथं, आता मागं गेली वं मी!" आणि फलाटावरचे हमालसुद्धा हसत होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी मैदानात गेले. धुकं नव्हतं. मुली ओळीत उभ्या होत्या, तोंडं मिटून, सरांनी लावलेल्या वळणानं.

"मला समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही," मी म्हटलं. "तेव्हा जी बाजूला असेल तिनं बोलायचं."

कुणी हललं नाही. अवंतीनं तोंड उघडलं आणि मिटलं. एकीला हसू फुटलं, तिनं ते दाबलं. शेवटी अवंतीच म्हणाली, "ताई, पण काय बोलायचं?"

"कुठं आहेस ते."

मी चेंडू घेतला आणि निघाले. मुली माझ्या भोवती पांगल्या, पायांचे आवाज येत होते, पण कुणी बोलेना. मी समोर बघत चालले होते. समोर रिकामं मैदान आणि रिंग. बराच वेळ नुसती धपधप चालली होती. त्यांना जमायचं नाही, माझ्या मनात आलं. जन्माची सवय, ती अशी एका सकाळी कशी जाणार?

मग डावीकडून, जिथं मला कुणीच नव्हतं, तिथून एक आवाज आला. कुणाचा ते ओळखू आलं नाही. अगदी हळू, भिंतीपलीकडचं कुणी जागं होईल की काय अशा भीतीनं काढलेला.

"ताई, मी इथं आहे."

मी मान वळवली नाही. चेंडू तिकडं सोडून दिला आणि तो सिमेंटवर आपटल्याचा आवाज कधी येतो म्हणून कान देऊन उभी राहिले. आवाज आला नाही.